श्रीमती ताबेई आणि मुलींच्या सहली

मोठ्या माणसांचीं चरित्रें वाचतांना आपणां सर्वांस एक खोड असते. आपण शेवटचें पान आधीं उघडतों. श्रीमती जुंको ताबेई हें नांव ज्यांच्या कानांवरून गेलें असेल त्यांस बहुधा एवढेंच ठाऊक असतें कीं, ता. १६ मे १९७५ रोजीं ही जपानी बाई एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली, आणि त्यापूर्वीं तेथें कोणाही स्त्रीचें पाऊल पडलें नव्हतें. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत ही एक ओळ छापलेली असते. मुलें ती पाठ करतात, परीक्षेंत एक गुण मिळवितात, आणि प्रकरण संपतें. आमच्या मतें या चरित्रांतील खरें वाचण्याजोगें पान पहिलेंच आहे. त्यावर बर्फ नाहीं, निशाण नाहीं, वर्तमानपत्रांतील छायाचित्र नाहीं. एक प्राथमिक शाळा, एक शिक्षक आणि एक सहल, एवढाच त्यावरील मजकूर आहे. विद्यार्थ्यांनीं तें पान वाचावेंच; परंतु आज आम्ही लेखणी हातीं घेतली आहे ती अधिक करून पालकांसाठीं.

जुंकोचा जन्म ता. २२ सप्टेंबर १९३९ रोजीं जपानांतील फुकुशिमा प्रांतांत मिहारू नांवाच्या लहानशा गांवीं झाला. मुलगी अंगानें किरकोळ, प्रकृतीनें नाजूक. 'अशक्त' हा शिक्का तिच्यावर लहानपणींच बसला होता. आपल्याकडे अशा मुलीच्या वांट्यास पुढें काय येतें तें वाचकांस सांगावयास नको. कवाईत माफ, खेळ माफ. पावसांत जाणें नको, उन्हांत जाणें नको. आणि सहलीचें नांव निघालें कीं, 'आमच्या मुलीला तें झेपणार नाहीं' अशी चिठ्ठी. ही चिठ्ठी मायेनेंच लिहिलेली असते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण माया निराळी आणि अंदाज निराळा. मुलीला काय झेपेल याचा अंदाज तिला डोंगराच्या पायथ्याशीं नेल्यावांचून बांधतां येत नाहीं. महायुद्धांत पराभूत झालेल्या त्या देशांत दिवस ओढगस्तीचे होते. अशा दिवसांत, जुंको दहा वर्षांची असतां, तिच्या शिक्षकांनीं वर्गांतील मुलांबरोबर तिलाही नासू येथील डोंगरावर नेलें.

नासूचे डोंगर ज्वालामुखीचे. त्यांतील चाउसू हें शिखर १,९१५ मीटर उंच आहे. म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या आपल्या कळसूबाईहून फारसें उंच नव्हे. डोंगर म्हटला म्हणजे हिरवी झाडी, अशीच तोंवर जुंकोची समजूत होती. येथें पाहते तों उघडा खडक, जमिनींतून निघणारी वाफ, कढत पाणी, आणि भर उन्हाळ्यांत अंगावर शहारे आणणारा गारठा! जगांत आपणांस ठाऊक नसलेलें पुष्कळ कांहीं आहे, आणि तें पायीं चालत जाऊन पाहतां येतें, ही गोष्ट त्या दिवशीं त्या मुलीच्या मनांत शिरली ती कायमची. आणखीही एक गोष्ट तिला तेथें कळली, व आम्हांस ती अधिक मोलाची वाटते. शाळेच्या पटांगणावरील शर्यतींत अशक्त मुलाच्या वांट्यास नेहमीं मागचीच जागा येते. डोंगरावर शर्यत नव्हती. हळू चालणाराही माथ्यावर पोंचत होता, आणि तेथें त्याला कोणी 'तूं कितवा?' म्हणून विचारीत नव्हतें. म्हातारपणींही ताबेईबाई या सहलीची आठवण आवर्जून सांगत असत.

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे वळूं. शाळाशाळांतून सहलीच्या संमतीच्या चिठ्ठ्या गोळा होतात तेव्हां शिक्षकांस एक अनुभव हटकून येतो. मुलग्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीं येतात. मुलींच्या चिठ्ठ्या आठ दिवसांनीं येतात. आणि कांहींच्या येतच नाहींत. विचारावें तर कारणांस तोटा नसतो. पाय मुरगळेल, ऊन लागेल, रात्रीचा मुक्काम आहे, घरीं पाहुणे यावयाचे आहेत, आणि शेजारचीं माणसें काय म्हणतील! यांतील कांहीं कारणें खरीं असतात. बरोबर शिक्षिका किती आहेत, औषधांची पेटी घेतली आहे कीं नाहीं, वाट माहितीची आहे कीं नाहीं, मुक्कामाची सोय कशी आहे, हें सारें पालकांनीं शाळेस खडसावून विचारावें. तो त्यांचा हक्क आहे, आणि ज्या शाळेस याचीं उत्तरें देतां येत नसतील तिनें सहल काढूंच नये. पण विचारावें आणि मग पाठवावें. कांहीं न विचारतां 'मुलगी आहे' एवढ्या एका कारणावर नकार लिहून देणें, हा त्या मुलीच्या प्रकृतीचा विचार नव्हे. ती आपल्या सवयीची गोष्ट आहे.

हें सारें जपानांतलें, येथें त्याचें काय, असें कोणी म्हणेल म्हणून हिमालयाच्या आपल्या बाजूचेंही एक उदाहरण देतों. एव्हरेस्टवर पोंचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री कुमारी बचेंद्री पाल या उत्तरकाशीकडील नाकुरी नांवाच्या खेड्यांतल्या. बारा वर्षांच्या असतांना शाळेच्या सहलींत सुमारें १३,००० फूट उंचीवर त्या चढून गेल्या, आणि डोंगराची गोडी त्यांस तेथेंच लागली! पुढें त्यांनीं शिक्षणशास्त्राची पदवी मिळविली. आतां मुलीनें बऱ्यापैकीं शिक्षिकेची नोकरी धरावी, असें घरच्यांस वाटावें हें साहजिकच होतें. तें सोडून मुलगी डोंगर चढण्याचें शिक्षण घेऊं लागली तेव्हां घरांतून विरोध झाला. तो सोसून ता. २३ मे १९८४ रोजीं त्यांनीं शिखर गांठलें. त्याच्या आठवडाभर आधीं त्यांच्याही छावणीवर रात्रीं बर्फाचा कडा कोसळला होता व बरोबरीचे अनेक जण जखमी होऊन माघारीं फिरले होते. एक मिहारूची, एक नाकुरीची. दोघींची भाषा निराळी, देश निराळा. आणि दोघींच्याही आयुष्याचा आरंभ शाळेच्या सहलीपाशीं व्हावा, हा योगायोग आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाहीं. सामान्य ऐपतीच्या घरांतील मुलीस डोंगर दाखविणारें दुसरें कोण असतें? श्रीमंताचीं मुलें बापाच्या मोटारींतून महाबळेश्वर पाहतात. इतरांस शाळा आहे.

पुन्हां जुंकोकडे येऊं. तोक्योंतील शोवा महिला विद्यापीठांत इंग्रजी व अमेरिकन वाङ्मयाचा अभ्यास करून ती १९६२ सालीं पदवीधर झाली. नंतर भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या कचेरींत संपादनाचें काम करीत असतां तिनें गिर्यारोहणाच्या मंडळांत नांव घातलें. तेथें बहुतेक सारे पुरुषच. कांहींनीं तिला आपुलकीनें वागविलें. कांहींनीं तिच्याबरोबर दोरास दोर बांधून चढण्याचें साफ नाकारलें. आणि कांहींची तर खात्री झाली कीं, ही बाई येथें नवरा शोधावयास आली आहे! पुढें तिनें लग्न केलें तें खरेंच एका गिर्यारोहकाशीं, मासानोबु ताबेई यांच्याशीं, आणि त्यांची ओळखही डोंगरावरच झाली. तेव्हां टीका करणारांस तेवढें समाधान मिळालें असावें. पण या गृहस्थांनीं पत्नीच्या पायांत बेडी घातली नाहीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९६९ सालीं ताबेईबाईंनीं केवळ स्त्रियांचें एक गिर्यारोहण मंडळ स्थापिलें. आपल्याच बळावर परदेशीं मोहीम न्यावयाची, हा त्या मंडळाचा संकल्प होता. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९७० च्या मे महिन्यांत, या मंडळाची तुकडी नेपाळांतील ७,५५५ मीटर उंचीच्या तिसऱ्या अन्नपूर्णेवर गेली, आणि ताबेईबाई व त्यांच्या सोबतीण हिरोको हिराकावा शिखरावर पोंचल्या. यश मिळालें; परंतु त्या मोहिमेंत त्यांस एक निराळाच धडा मिळाला. मुलीनें सोसावें, बोलूं नये. दुखलें खुपलें तरी चेहऱ्यावर दिसूं देऊं नये. ही शिकवण या साऱ्या जपानी स्त्रियांना बाळपणापासून मिळालेली होती. घरांत ती सद्गुण म्हणून शोभत असेल. डोंगरावर ती प्राणघातक ठरूं शकते. दम लागला आहे, डोकें दुखतें आहे, ही गांठ मला मारतां येत नाहीं, मला मदत हवी आहे, हें जी वेळेवर बोलणार नाहीं ती स्वतःसही संकटांत घालते व दोराच्या दुसऱ्या टोंकास असलेलीसही. ताबेईबाईंस व त्यांच्या मैत्रिणींस स्पष्ट बोलणें हें चढण्यासारखेंच मुद्दाम शिकावें लागलें. हें वाचून आम्ही थोडे थबकलों. सोशीक, मुकाट, कधीं हूं कीं चूं न करणारी मुलगी म्हणजे गुणी मुलगी, अशी तारीफ आपल्याही घरांत रोज होते, आणि वर्गांतही होते. 'मला समजलें नाहीं' असें उभें राहून सांगणाऱ्या मुलीस आपण किती वेळां शाबासकी दिली आहे, याचा हिशेब शिक्षकांनीं व आईबापांनीं आपल्या मनाशीं करावा.

नंतर एव्हरेस्ट. त्या काळीं नेपाळ सरकार मोजक्याच तुकड्यांस परवानगी देई. १९७१ सालीं केलेल्या अर्जावर या बायकांची पाळी १९७५ च्या वसंतांत आली. मध्यंतरींच्या चार वर्षांत पैसा उभा करावयाचा होता. ज्यांच्या दारीं त्या गेल्या त्यांतील अनेकांनीं, 'बायकांनीं मुलें सांभाळावींत, हे उद्योग कशाला?' असें तोंडावर सांगितलें. शेवटीं शेवटीं योमिउरी हें वृत्तपत्र व निप्पॉन टेलिव्हिजन यांनीं साह्य केलें. तरीही प्रत्येकीस आपल्या पदरचे सुमारें १५ लाख येन घालावे लागले. सामान्य नोकरी करणाऱ्या माणसाचा तो जवळजवळ वर्षाचा पगार. ताबेईबाईंनीं पियानोच्या शिकवण्या धरल्या. सामान विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून सुया-दोरे बाहेर निघाले. मोटारींच्या जुन्या बैठकींचें कापड उसवून त्याचे पाणी न शिरणारे बटवे व हातमोज्यांवरचे मोजे शिवले. चीनमधून हंसाचीं पिसें आणवून निजण्याच्या पिशव्या स्वतः भरल्या. या तुकडींत शिक्षिका होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं जेवणांतील न उघडलेल्या मुरांब्याच्या पुड्या जमवून आपल्या बाईंच्या शिध्यांत भर टाकली!

आम्हांस या चरित्रांतील हा भाग सर्वांत आवडतो, हें येथें मोकळेपणीं सांगून टाकतों. साहस म्हणजे छाती पुढें काढून दऱ्या ओलांडणें, अशी आपल्या मुलांची चित्रपटांवरून झालेली समजूत असते. येथें पाहावें तर साहसाचा बहुतेक भाग शिवणकाम, हिशेब, अर्ज आणि शिकवण्या यांतच गेला. ज्या गृहकृत्यांच्या नांवाखालीं मुलीस घरीं ठेवतात, तींच गृहकृत्यें या बायकांनीं पाठीवर बांधून हिमालयांत नेलीं. आमच्या शाळांतून शिवणाचा तास असतो. त्यांत रुमालाच्या कडा दुमडतांना कंटाळणाऱ्या मुलींस हें अवश्य सांगावें. आणि तो तास मुलग्यांसही असावा असें आमचें जुनेंच मत आहे, पण तो विषय आज नको.

एइको हिसानो या तुकडीच्या प्रमुख होत्या, आणि तुकडींत एकंदर पंधरा स्त्रिया होत्या. ता. ४ मे १९७५ च्या पहाटे सुमारें ६,३०० मीटर उंचीवरील छावणींत त्या झोपल्या असतां वरून बर्फाचा लोंढा आला आणि तंबू गाडले गेले. ताबेईबाई बर्फाखालीं चेंगरून बेशुद्ध पडल्या. सुमारें सहा मिनिटांनीं शेर्पांनीं त्यांस ओढून बाहेर काढलें. सुदैवानें कोणीही दगावलें नाहीं. पुढें दोन दिवस त्यांस धड उभें राहतां येत नव्हतें. परत फिरण्याचा प्रश्न निघाला तेव्हां त्यांचा निश्चय पुढें जाण्याकडेच होता. मूळ बेत दोघी स्त्रियांना शिखरावर पाठविण्याचा होता. परंतु शेर्पांपैकीं कांहीं जण विरळ हवेनें आजारी पडल्यामुळें प्राणवायूच्या पुरेशा नळ्या वर पोंचूं शकल्या नाहींत, आणि एकीनेंच जावें असें ठरलें. हिसानोबाईंनीं ताबेईबाईंचें नांव घेतलें. आम्हांस येथें त्या दुसऱ्या स्त्रीची आठवण होते. चार वर्षें तिनेंही पैसे जमविले, तिनेंही पिसें भरलीं, आणि शेवटच्या घटकेस दुसरीच्या पाठीवर प्राणवायूची नळी देऊन ती खालीं राहिली. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांत तिची ओळ नाहीं.

अपघातानंतर बाराव्या दिवशीं, शेर्पांचे सरदार आंग त्सेरिंग यांच्यासमवेत ताबेईबाई शेवटच्या चढणीस लागल्या. माथा जवळ आला असतां त्यांच्या पुढें बर्फाची एक अतिशय अरुंद धार आली. एका बाजूस नेपाळ, दुसऱ्या बाजूस तिबेट, आणि दोन्हीं बाजूंस हजारों फूट खोल दरी. धारेवरून चालणें शक्य नव्हतें. शरीराचा वरचा भाग एका देशांत व पाय दुसऱ्या देशांत, अशा रीतीनें आडव्या सरपटत त्या पलीकडे गेल्या. त्या वेळीं आपणांस अतिशय संताप आला, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. संताप कोणाचा? तर पूर्वीं त्याच वाटेनें गेलेल्या वीरांचा! त्यांचे सर्व वृत्तांत ताबेईबाईंनीं वाचले होते, आणि एकानेंही या धारेचा उल्लेख केला नव्हता. आम्हांस हा संताप फार योग्य वाटतो. आधीं गेलेल्यानें मागून येणाऱ्यास वाटेंतील खरी अडचण सांगून ठेवावी, हें त्याचें कर्तव्यच आहे. मग ती वाट डोंगराची असो कीं मॅट्रिकच्या गणिताची असो.

सुमारें ८,८४९ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर त्या पोंचल्या, आणि जगभर 'पहिली स्त्री' म्हणून त्यांचा जयजयकार झाला. अवघ्या अकरा दिवसांनीं, ता. २७ मे रोजीं, तिबेटच्या फांथोग ही दुसरी स्त्री उत्तरेच्या बाजूनें तेथेंच जाऊन पोंचली. 'पहिली' या बिरुदाचें मोल तें काय, तर अकरा दिवस! ताबेईबाईंस स्वतःस हें बिरुद फारसें रुचत नसे. एव्हरेस्टवर चढलेली छत्तिसावी व्यक्ति म्हणून आपणांस ओळखावें, असें त्या म्हणत. हा केवळ विनय आहे असें आम्हांस वाटत नाहीं. 'पहिली स्त्री' म्हणतांना आपण आश्चर्य व्यक्त करतों, आणि आश्चर्याच्या पोटीं 'हिला जमेल असें वाटलें नव्हतें' हा भाव असतो. छत्तिसावी म्हणतांना आपण तिला माणसांच्या ओळींत उभी करतों. वार्षिक समारंभांत 'मुलींमधून पहिली' असें बक्षीस देण्याची चाल अजून कोठें कोठें दिसते. तिचाही या दृष्टीनें विचार व्हावा.

आतां जो प्रश्न पुष्कळ मातांच्या ओठांवर आला असेल तो आम्ही टाळीत नाहीं. ताबेईबाई एव्हरेस्टवर गेल्या तेव्हां त्यांची कन्या नोरिको तीन वर्षांचीही नव्हती. अशा लेंकरास घरीं ठेवून मृत्यूच्या दाढेंत जाणें आईस शोभतें काय? प्रश्न क्षुद्र नाहीं. ४ मेच्या त्या पहाटे सहा मिनिटांचीं साठ मिनिटें झालीं असतीं तर त्या मुलीस आई उरली नसती. पण हाच प्रश्न आपण बापांस विचारतों काय? १९२४ सालीं एव्हरेस्टवर गेलेले आणि परत न आलेले मॅलरी हे तीन मुलांचे वडील होते. त्यांच्या धैर्याचे गोडवे शंभर वर्षें गाइले जात आहेत. तीं तीन मुलें आपणांस क्वचितच आठवतात. फांथोगही तीन मुलांची आई होती. आमचें मत असें कीं, प्रश्न विचारावयाचा तर दोघांसही विचारावा, आणि उत्तर त्या घरानें द्यावें, गांवानें नव्हे. ताबेई यांच्या घरानें तें दिलें होतें. पति घरीं राहिले व मुलीचा सांभाळ त्यांनीं आप्तांच्या मदतीनें केला. पुढें १९७८ सालीं या दांपत्यास शिन्या हा पुत्र झाला.

एव्हरेस्टनंतर मोठमोठ्या कंपन्यांचे पैसे घेणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. व्याख्यानें द्यावीं, लोकांस डोंगरांवर न्यावें, मुलांस संगीत व इंग्रजी शिकवावें, आणि त्या मिळकतींतून पुढचा डोंगर चढावा, असा त्यांचा क्रम होता. १९८० मध्यें आफ्रिकेंतील किलिमांजारो, १९८७ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील अकोंकाग्वा, १९९१ मध्यें दक्षिण ध्रुवाकडील व्हिन्सन, असें करीत १९९२ पर्यंत साती खंडांचीं सर्वोच्च शिखरें चढून झालीं. स्त्रियांत त्या यांतही पहिल्याच. सत्तरांहून अधिक देशांतील सर्वांत उंच जागीं त्या जाऊन आल्या. २०१९ सालीं प्लूटोवरील एका पर्वतराजीस त्यांचें नांव देण्यांत आलें. तेथें मात्र सहल नेणें कोणत्याही शाळेस तूर्त शक्य नाहीं. साठीच्या घरांत असतां त्यांनीं पुन्हां विद्यार्थिनी होऊन क्यूशू विद्यापीठांत अभ्यास केला, आणि २००० सालीं तो पुरा केला. विषय होता, गिर्यारोहकांनीं टाकलेल्या कचऱ्यानें एव्हरेस्टची होणारी नासाडी. ज्या डोंगरानें कीर्ति दिली त्याचा केर काढण्याचाही विचार करणारीं माणसें थोडीं. आपल्या गडांवर सहल जाते तेव्हां माघारीं येतांना तेथें आपण काय टाकून येतों, हें विद्यार्थ्यांनीं पुढच्या खेपेस पाहावें.

मार्च २०११ मध्यें जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व समुद्राचा प्रलय एकदमच आला. फुकुशिमा प्रांत, म्हणजे ताबेईबाईंची जन्मभूमि, त्यांत होरपळून निघाली. घरें गेलेलीं, आप्त गमावलेलीं मुलें तात्पुरत्या खोल्यांतून राहत होतीं. २०१२ पासून ताबेईबाई त्या भागांतील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांस दर उन्हाळ्यांत ३,७७६ मीटर उंचीच्या फुजी पर्वतावर नेऊं लागल्या. त्याच वर्षीं त्यांस कर्करोगानें गांठलें होतें. उपचार चालूच होते आणि सहलीही चालूच होत्या. जुलै २०१६ मध्यें, वयाच्या ७६ व्या वर्षीं, त्या मुलांबरोबर शेवटच्या वेळीं फुजीवर निघाल्या. सुमारें ३,००० मीटरपर्यंत त्या गेल्या; त्यापुढें पाय चालेनात. त्या तेथें थांबल्या व मुलांस त्यांनीं वर पाठविलें. ता. २० ऑक्टोबर २०१६ रोजीं त्या निवर्तल्या. पुढच्या उन्हाळ्यांतही मुलांची सहल निघाली. या वेळीं तिच्या अग्रभागीं शिन्या होते.